गोष्टीतला खाऊ आपल्या स्वयंपाकघरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईला आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी आठ ते तेरा वर्षांची मुलं जमतात. जगभरच्या जुन्या बालकादंबऱ्यांतलं एखादं प्रकरण मी मोठ्यानं वाचते आणि त्यात जे खाल्लं-प्यायलं जातं ते आम्ही मिळून करतो. हे ऐकल्यावर पालक आणि शिक्षक जे विचारतात, त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मापं सांगताना कप म्हणजे २४० मिलिलिटरचा आणि चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलिलिटरचा.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

योहाना श्पिरीच्या ‘हायडी’पासून. १८८०-८१ सालचं हे स्विस पुस्तक. त्यातला पहिला स्वयंपाक इतका साधा आहे की त्याला पाककृती म्हणायलाही जीव होत नाही. लहानगी हायडी डोंगर चढून आजोबांच्या झोपडीत पोचते. आजोबा लांब लोखंडी काट्याला चीजचा मोठा तुकडा टोचून विस्तवावर धरतात आणि सगळ्या बाजूंनी सोनेरी होईपर्यंत फिरवत राहतात. मग ते मऊ झालेलं चीज पावावर लोण्यासारखं पसरायचं, सोबत वाडगाभर शेळीचं दूध. हायडी ते दूध एका दमात पिते, कारण वाटभर तहान लागलेली असते.

ही तहान मला फार महत्त्वाची वाटते. या पुस्तकांतलं खाणं चविष्ट वाटतं ते त्याच्या आधी भूक, थंडी नाहीतर पायपीट असते म्हणून. म्हणून आम्ही हायडीच्या दिवशी मुलांना आधी मेणवलीपर्यंत चालवत नेतो आणि परत आणतो. घरी आल्यावर दूध-पाव-चीज पुढे ठेवलं की कुणी सॉस मागत नाही.

चीज कोणतं घ्यावं? ते शाकाहारी असतं का?

चौकोनी क्यूब किंवा पातळ स्लाइसचं प्रोसेस्ड चीज काट्याला टिकत नाही, वितळून थेट विस्तवात पडतं. पनीर उलट वितळतच नाही, वरून करपतं आणि आत पांढरं राहतं. गौडा किंवा सौम्य चेडरची बोटभर जाडीची वडी घ्या. काटा वापरायचा असेल तर लाकडी मुठीचा, आणि मोठ्या माणसाच्या हातात. आमच्याकडे सोपा मार्ग असा: बिडाचा तवा चांगला तापवायचा, चीजची वडी त्यावर एका अंगाने ठेवायची, खालचा थर सैल होऊन कडेने फुगायला लागला की उचलायची आणि तो मऊ थर सुरीनं पावावर ओढायचा. पुन्हा वडी तव्यावर. स्वित्झर्लंडमध्ये राकलेत म्हणून जो प्रकार खातात त्याची रीत हीच. तव्याला चिकटून राहिलेली तपकिरी खरपुडी सगळ्यात आधी संपते.

शाकाहाराचं म्हणाल तर युरोपात कित्येक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं दूध फाडून करतात. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात ते नसतं. परदेशातून कुणी आणलेलं चीज असेल तर पाकीट वाचूनच वापरा. शेळीचं दूध मिळालं तर जरूर आणा, मात्र उकळून घ्या.

हायडीनं कपाटात लपवलेले मऊ पाव घरी करता येतील का? ओव्हन नाही.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शेळ्या राखणाऱ्या पीटरची आजी आंधळी आहे, म्हातारी आहे, तिला कडक काळा पाव चावत नाही. हायडीला फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरी नेतात. तिथे तिच्या ताटलीत पांढराशुभ्र मऊ पाव येतो. ती विचारते, हा मी घेऊ का, आणि खिशात टाकते. असे कितीतरी दिवस ती पाव साठवते, आजीसाठी. एक दिवस कपाट उघडलं जातं आणि वाळून दगड झालेला तो ढीग फेकून द्यायचा हुकूम होतो. वाचताना दर वेळी माझा आवाज इथे अडतो.

पावाची कृती: ३०० ग्रॅम मैदा, १८० मिलिलिटर कोमट दूध, १ चमचा इन्स्टंट यीस्ट, ३ चमचे साखर, पाऊण चमचा मीठ, ३० ग्रॅम लोणी. लोणी सोडून सगळं मळा, मग लोणी घालून आणखी दहा मिनिटं मळा. पीठ सुरुवातीला हाताला चिकटतं, वरून मैदा भुरभुरू नका, मळता मळता ते सुटतं. झाकून तासभर, दुप्पट होईपर्यंत ठेवा. आठ-दहा गोळे करून पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्या आणि १९० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. बाहेर काढल्या काढल्या वरून दुधाचा हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळा, कवच मऊ राहतं.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ, त्यावर स्टँड, त्यावर थाळी, घट्ट झाकण आणि मध्यम आच असं करून पाव भाजले जातात, पण वरचा रंग फिकाच राहतो. आणि खरं सांगायचं तर सकाळी बेकरीतून आलेली ताजी लादी आणलीत तरी चालेल. आजीला चावेल असा पाव, एवढंच हायडीला हवं होतं.

‘चौघीजणी’मधली एमी शाळेत नेते ती लिंबं म्हणजे आपलं लिंबाचं लोणचंच का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. लुइसा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ १८६८ साली आली आणि मराठीत शांता शेळक्यांनी ती ‘चौघीजणी’ म्हणून आणली. त्यातल्या धाकट्या एमीच्या वर्गात खारवलेल्या लिंबांचं वेड असतं. मुली बाकाखाली ती चोखतात, पेन्सिली आणि मण्यांच्या अंगठ्यांच्या बदल्यात देतात-घेतात. जिनं दिलं तिला परत द्यायचं, नाहीतर मान खाली. एमीवर अशी ‘लिंबाची उधारी’ चढलेली असते. थोरली मेग तिला पंचवीस सेंट देते. एमी चोवीस लिंबं घेऊन वर्गात येते, एक तर तिनं वाटेतच खाल्लेलं असतं. मास्तरांनी लिंबांवर बंदी घातलेली असते. ते तिला दोन-दोन लिंबं खिडकीबाहेर फेकायला लावतात आणि वर हातावर छड्या मारतात. आई हे कळल्यावर तिला त्या शाळेतून काढते.

ही लिंबं वेस्ट इंडीजकडून मिठाच्या पाण्यात बुडवून पिंपांतून येत आणि दुकानात बरणीतून सुटी विकली जात. म्हणजे तिखट, हिंग, हळद, तेल काही नाही, नुसतं मीठ आणि लिंबू. आपल्या उपासाच्या लोणच्याचं जवळचं नातेवाईक म्हणा, फक्त साखर वजा.

१२ पातळ सालीची कागदी लिंबं धुऊन कोरडी पुसा. देठापासून खाली चार चिरा द्या, पण तुकडे सुटू देऊ नका. १०० ग्रॅम मीठ घ्या, त्यातलं थोडं चिरांत भरा. काचेच्या बरणीत लिंबं दाबून बसवा, उरलेलं मीठ, आणखी चार लिंबांचा रस आणि उकळून गार केलेलं पाणी लिंबं बुडतील इतकंच घाला. वर एखादी काचेची वाटी ठेवा म्हणजे ती तरंगणार नाहीत. रोज उन्हात ठेवा, दोन दिवसांनी एकदा हलवा. आठवड्यात हिरवा रंग जाऊन शेवाळी पिवळा येतो, तीन-चार आठवड्यांत साल दाताखाली दबते आणि पाणी दाटसर होतं.

आमच्याकडे बरणी उघडली त्या दिवशी दोन मुलींनी पहिल्याच चोखीला डोळे मिटले आणि तिसरीनं दुसरं मागितलं. अमेरिकेतल्या वाचकांना या प्रकरणाशी टिपा जोडून लिंबं म्हणजे काय ते समजावून द्यावं लागतं. आपल्या मुलांना तोंडाला पाणी सुटायला टीप लागत नाही.

त्याच पुस्तकातली नाताळची न्याहारी काय असते?

बकव्हीटचे केक, पाव, साय, मफिन. पण चौघी बहिणी ते सगळं टोपलीत भरून शेजारच्या उपाशी कुटुंबाला देऊन येतात आणि स्वतः दूध-पाव खातात. बकव्हीट म्हणजे कुट्टू. अर्धा कप कुट्टूचं पीठ, अर्धा कप कणीक, एक कप ताक, एक अंडं, पाव चमचा मीठ, आणि अगदी शेवटी अर्धा चमचा खाण्याचा सोडा. तव्यावर छोटी छोटी जाड धिरडी घाला. अंडं नको असेल तर दोन-तीन चमचे ताक वाढवा, थोडी चिरतात पण चव तीच. कुट्टू जुनं असेल तर कडवट लागतं, आधी वास घ्या.

याच पुस्तकात चौघींतल्या ज्योचा फसलेला स्वयंपाकही आहे: तासभर शिजवून डोकी गळालेलं ॲस्परॅगस, करपलेला पाव, स्ट्रॉबेरीवर साखरेऐवजी मीठ. हे प्रकरण मुलं हट्टानं दोनदा वाचून घेतात. साखर आणि मिठाचे डबे सारखे दिसत असतील तर नावं चिकटवायचं काम त्याच दिवशी त्यांच्याकडून करून घ्या.

टर्किश डिलाइट आणलं, पण मुलं म्हणाली ‘एवढंच?’ मग एडमंडनं त्यासाठी भावंडांना का फसवलं?

सी. एस. लुइसची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ १९५० ची. बर्फात कुडकुडणाऱ्या एडमंडला चेटकीण आधी गरम, गोड, फेसाळ पेय देते आणि मग हिरव्या रेशमी फितीनं बांधलेला गोल डबा. आत कित्येक पौंड टर्किश डिलाइट. त्यावर जादू केलेली असते, एक खाल्लं की आणखी हवंसं वाटतं, ही एक गोष्ट झाली. दुसरी मुलांना सांगावी लागते. गोष्ट महायुद्धाच्या काळात घडते, आणि ब्रिटनमध्ये मिठाई-चॉकलेटवर १९४२ पासून रेशन होतं. १९४९ साली ते काही महिन्यांसाठी उठवलं, तर मागणी अशी उसळली की पुन्हा लावावं लागलं. शेवटी उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. म्हणजे पुस्तक बाजारात आलं तेव्हा ते वाचणारं इंग्लंडमधलं पोर आठवड्याची मिठाई कूपनावर मोजून घेत होतं. त्याच्यापुढे भरलेला अख्खा डबा! आपल्या मुलांच्या घरात दिवाळीचे तीन पुडे पडून असतात, त्यांना हे चवीतून कसं कळणार?

मी एकदा असं केलं: त्या महिन्यात सगळ्या मुलांनी आपण होऊन दोन आठवडे साखरेचं काही खाल्लं नाही. पंधराव्या दिवशी पुस्तक वाचलं आणि प्रत्येकाला एकच वडी दिली. ‘एवढंच?’ तेव्हाही ऐकू आलं, पण अगदी वेगळ्या सुरात.

त्यात जिलेटिन असतं का? घरी कसं करायचं?

तुर्कस्तानातलं लोकुम, म्हणजे मूळचं टर्किश डिलाइट, साखर आणि स्टार्चचं असतं, जिलेटिन नाही. झटपट कृतींमध्ये जिलेटिन घालतात आणि ते रबरी होतं. लुइसनं लिहिलं आहे की प्रत्येक वडी आतपर्यंत गोड आणि हलकी होती, ते स्टार्चनंच साधतं. आपल्या मुंबईच्या कॉर्नफ्लोअर हलव्याची ही बिनतुपाची बहीण आहे, त्यामुळे ज्यांनी तो घाटला आहे त्यांना हात लगेच बसतो.

४०० ग्रॅम साखर, १८० मिलिलिटर पाणी, १ चमचा लिंबाचा रस उकळत ठेवा. थर्मामीटर असेल तर ११५ अंश, नसेल तर थेंब गार पाण्यात टाकून बोटानं मऊ गोळी जमते का बघा. तोवर दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात ६० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर आणि ४८० मिलिलिटर पाणी गुठळी न ठेवता मिसळून खळीसारखं घट्ट शिजवा. त्यात पाक धारेनं ओता, ढवळत राहा. आता मंद आचेवर पाऊण ते एक तास. घाई केली की फसतं. पहिली वीस मिनिटं ते दुधाळ आणि सैल असतं आणि वाटतं की काही होत नाही. मग हळूहळू पारदर्शक होतं, मधासारखा रंग येतो, आणि उलथनं फिरवलं की पातेल्याचा तळ क्षणभर दिसून पुन्हा झाकला जातो. तो तळ दिसायचा वेळ वाढत गेला की झालं. २ चमचे गुलाबपाणी घाला, तेल लावलेल्या सहा इंची भांड्यात ओता. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरतं. रात्रभर बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी तेलाचा हात दिलेल्या सुरीनं कापा आणि पिठीसाखर व कॉर्नफ्लोअरच्या मिश्रणात घोळवा.

गुलाबाचा उल्लेख पुस्तकात नाही, तो लोकुमच्या परंपरेतला. लिंबाच्या सालीचा कीस घातला तरी बिघडत नाही.

रासबेरी कॉर्डिअल म्हणजे दारू का? मुलांना द्यायचं ना?

निःशंक द्या. कॉर्डिअल म्हणजे फळाचं सरबत. गोंधळ झाला तो ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’मुळे. १९०८ सालच्या या कॅनडातल्या कादंबरीत ॲन मैत्रिणीला, डायनाला, चहाला बोलावते आणि मोठ्या कौतुकानं रासबेरी कॉर्डिअल समजून करंट नावाच्या फळाची घरगुती वाइन देते. डायना तीन पेले रिचवते आणि झिंगत घरी जाते. तिची आई ॲनशी मैत्रीच बंद करून टाकते. चूक ॲनला सांभाळणाऱ्या मॅरिलाची असते. कॉर्डिअल आपण तळघरात ठेवलंय हे विसरून तिनं भलतंच कपाट सांगितलेलं असतं.

महाबळेश्वर-पाचगणीकडे रासबेरी होते, त्यामुळे आम्हाला ती घाट चढलं की मिळते. इतरांनी फ्रोझन घ्यावी. १ लिटर पाणी आणि २५० ग्रॅम साखर उकळा, ५०० ग्रॅम रासबेरी घालून पळीनं चेचा, दहा मिनिटं मंद उकळू द्या. मलमलच्या फडक्यातून आपोआप गळू द्या. पिळलं की गढूळ होतं. गार झाल्यावर दोन लिंबांचा रस घाला. घालताक्षणी काळपट लाल रंग एकदम उजळतो, तो क्षण मुलांना दाखवाच. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस टिकतं.

रासबेरीच्या जागी बाटलीतलं रंगीत इसेन्सचं सिरप वापरू नये असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा अमृतकोकम द्या आणि हे अमृतकोकम आहे असं सांगा.

आणि ॲनच्या केकबद्दलही विचारतात. तिला सर्दी झालेली असते, म्हणून व्हॅनिलाच्या बाटलीत मॅरिलानं ओतून ठेवलेलं अंगाला चोळायचं औषध केकमध्ये गेलेलं तिच्या नाकाला कळत नाही. केक म्हणाल तर साधा थरांचा स्पंज, मध्ये जेली-जॅम. तो तुम्हाला येत असेल तसा करा.

‘लिटल हाउस’मधली बर्फावरची मिठाई बर्फाशिवाय कशी करायची?

लॉरा इंगल्स वाइल्डरच्या १९३२ सालच्या पहिल्या पुस्तकात, विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या लाकडी घरात, नाताळच्या आधी आई मोलॅसिस आणि साखर घट्ट उकळते. वडील बाहेरून दोन तसराळी भरून स्वच्छ बर्फ आणतात, आणि लॉरा आणि मेरी त्यावर पाकाची बारीक धार सोडून वेटोळी काढतात. पाक पडताच कडक होतो. खायला तेव्हा एकच तुकडा, बाकीचे नाताळसाठी डब्यात.

आपल्याकडे यासाठी काकवी आहे. मोलॅसिस साखर काढून उरतं आणि काकवी गूळ होण्याआधीची असते, त्यामुळे ती जास्त गोड आणि कमी कडू. इथे ती खरोखर मुळापेक्षा सरस लागते. आमच्या भागातल्या मुलांना हा खेळ नवीन नसतो, गुऱ्हाळावर गुळव्या पाक झाला का ते गार पाण्यात गोळी टाकून बघतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

१ कप काकवी आणि अर्धा कप साखर खोल पातेल्यात उकळा. खोलच घ्या, फेस दुपटीनं वर येतो. दहा-पंधरा मिनिटांनी गार पाण्यात टाकलेला थेंब टणक गोळी झाला पाहिजे, म्हणजे साधारण १२५ अंश. स्टीलचं ताट तुपाचा हात लावून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवलेलं असू द्या. चुरलेला बर्फ वापरायचा तर तोही ताटात दाबून पुन्हा गोठवा, नाहीतर पाणी सुटून मिठाई चिकट होते. चमच्यानं धार सोडायची.

या पाकाचा एक थेंब हातावर पडला तरी कातडी जाते. दहा वर्षांखालच्या मुलांनी फक्त आकार सांगायचा आणि मोठ्यांनी काढायचा. बाजूला गार पाण्याचं घमेलं भरलेलं हवं.

त्याच पुस्तकातलं गाजर घातलेलं लोणी खरंच पिवळं होतं?

होतं, आणि आपल्याकडे ते जास्त उठून दिसतं, कारण म्हशीच्या दुधाचं लोणी मुळात पांढरं. लॉराच्या आईची गाय हिवाळ्यात हिरवं गवत खात नाही, म्हणून लोणी फिकं पडतं. आईला ते देखणं लागे. मग ती खिळ्यानं भोकं पाडलेल्या पत्र्यावर गाजर किसते, दुधात गरम करते, फडक्यात बांधून ते पिवळं दूध सायीत पिळते. चोथा मुलींना खायला. लोणी झालं की स्ट्रॉबेरी आणि दोन पानं कोरलेल्या साच्यात दाबते.

चार-पाच दिवसांची घरची साय घ्या, पॅकेटचं क्रीम नको, ते सहसा फुटून लोणी धरत नाही. एक नारिंगी गाजर (लाल दिल्ली गाजरानं रंग विटका येतो) पाव कप दुधात तसंच करा, गार करून सायीत मिसळा. घट्ट झाकणाच्या बरणीत अर्धी भरून मुलांनी आळीपाळीनं हलवायची. आधी खळखळ, मग आवाज पूर्ण बंद, आणि मग एकदम धप्पकन गोळा. तो आवाज बंद होतो तेव्हा मुलं कंटाळून सोडतात, तिथेच त्यांना थांबवू नका.

‘द सीक्रेट गार्डन’मधली भाजलेली अंडी. आमची फुटली. काय चुकलं?

माझीही पहिली सहा फुटली, एक तर अंगणाच्या भिंतीवर. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते, ती तापून फुगते आणि वाट नसली की कवच फोडते. टाचणीनं त्या टोकाला बारीक भोक पाडा. अंडं ओल्या कागदात गुंडाळून वर बोटभर मातीचा लेप द्या, आणि निखाऱ्यात नव्हे तर कडेच्या गरम राखेत पंधरा-अठरा मिनिटं फिरवत ठेवा. बटाटे लहान घ्या, अगदी लिंबाएवढे, ते निखाऱ्यांत पुरून ३५ ते ४५ मिनिटं. ज्वाळा शमल्यावरच पुरायचे. फोडून आत लोणी आणि मीठ, पुस्तकात तसंच आहे.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेटच्या या १९११ च्या कादंबरीतली मेरी हिंदुस्थानात जन्मलेली, पटकीत आईवडील गेलेली, यॉर्कशरच्या वाड्यात येऊन पडलेली किरकिरी पोर. पहिल्या दिवशी ती पॉरिज ढकलून देते. बागेत खणून, पळून भूक लागते तेव्हा हीच मुलगी बशी पुसून खाते. तिचा आजारी आतेभाऊ कॉलिन चालायला लागलाय हे गुपित ठेवायचं म्हणून दोघं घरात भूक नसल्याचं सोंग करतात, आणि त्यांचा रानातला दोस्त डिकन याची आई ताजं दूध आणि बन पाठवते. तिच्या स्वतःच्याच घरात चौदा तोंडं आहेत हे लक्षात आल्यावर मुलं तिला पैसे पाठवायला लागतात. मग डिकन रानात दगडांची एवढीशी भट्टी शोधून देतो. यातलं एकही वाक्य सुटं काढता येत नाही, म्हणून हे प्रकरण पूर्ण वाचा.

रायगडकडच्या मुलांना हे सांगावंच लागत नाही. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भरून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा, ही त्यांची थंडीतली पोपटी. विस्तव शक्य नसेल तर लोखंडी कढईत जाडं मीठ तापवून त्यात बटाटे पुरा, झाकण ठेवून चाळीस मिनिटं. धुराचा वास येणार नाही, बाकी सगळं येईल.

एनिड ब्लायटनच्या पुस्तकांतली जिंजर बिअर?

यीस्ट घालून आंबवलेली बाटलीबंद जिंजर बिअर आपल्या हवेत घरी करू नये असं मी सांगते. उन्हाळ्यात दोन दिवसांत गॅस साठून काचेची बाटली फुटते. १०० ग्रॅम आलं किसून, १५० ग्रॅम साखर आणि १ कप पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, गाळा, दोन लिंबं पिळा. पेल्यात तीन चमचे आणि वर गार सोडा. ‘लॅशिंग्ज ऑफ जिंजर बिअर’ (म्हणजे भरपूर जिंजर बिअर) हे जे शब्द सगळे उद्धृत करतात ते ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ पुस्तकांत नाहीत, १९८२ सालच्या एका ब्रिटिश टीव्ही विडंबनातले आहेत.

‘ॲलिस इन वंडरलँड’मधल्या ‘ड्रिंक मी’ बाटलीतलं पेय कसं करायचं?

करू नका. त्याची चव चेरी टार्ट, कस्टर्ड, अननस, भाजलेली टर्की, टॉफी आणि लोणी लावलेला गरम टोस्ट यांची मिळून आहे असं लिहिलंय. ते वाचून डोळे मिटून चाखायचं आहे. इंटरनेटवर निळं-जांभळं सरबत दाखवतात त्याचा पुस्तकाशी संबंध नाही.

मराठी पुस्तकांतलं काही का करत नाही?

करतो. ‘श्यामची आई’मधली अळणी भाजी केली होती. आईच्या हातून भाजीत मीठ राहतं, वडील चकार शब्द न काढता जेवतात, आणि आई स्वतः जेवायला बसल्यावर तिला कळतं. आम्ही लसूण-मिरचीची फोडणी देऊन पालेभाजी बिनमिठाची केली आणि मुलांना न सांगता वाढली. नऊ जणांपैकी दोघांनी लगेच सांगितलं, बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत गप्प खात राहिले. मग प्रकरण वाचलं आणि मीठ फिरवलं.

वर्षभराचं नियोजन कसं करावं?

हवेकडे बघून. टर्किश डिलाइट पावसाळ्यात घाम धरतं आणि वड्या एकमेकींना चिकटतात, ते डिसेंबरमध्ये करा. गुऱ्हाळं सुरू झाली की काकवी, म्हणजे बर्फावरची मिठाईही थंडीतच. बागेतली भट्टीही तेव्हाच. लिंबं दिवाळीनंतर, भाव उतरलेले आणि ऊन कोरडं असताना खारवायला घाला. स्ट्रॉबेरीच्या हंगामात रासबेरीची चौकशी करा. जून ते सप्टेंबर पाव भाजा. ओल्या हवेत पीठ उबेला छान फुगतं, आणि बाहेर पाऊस लागलेला असला की हायडीचं फ्रँकफुर्टचं मोठं प्रकरण एका बैठकीत वाचून होतं.